जोतं आर्किटेक्टचं, घर आपलं

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून आम्ही बोलतोय.

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडं काय होतं, ते आधी आठवून बघा. जागा कुणाच्या नावावर, कर्ज किती काढायचं, गवंडी कोण, वाळू कुठनं आणायची, स्लॅब कधी टाकायचा, हे सगळं सोप्यात बसून पुरुषमाणसं ठरवतात. आपण चहा नेऊन देतो. घर उभं राहतं, वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दिवसभर वावरायचं असतं आपल्याला. तेव्हा लक्षात येतं की भांडी घासायच्या जागी उजेडच नाही. धुणं वाळत घालायला जागा ठेवलेली नाही. गॅससमोर उभं राहिलं की दाराकडं पाठ होते, आलं-गेलं कळत नाही. सासूबाईंना रात्री उठून संडासला जायचं तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. मग आपण म्हणतो, आता झालं ते झालं.

आज आम्ही अशा एका आर्किटेक्टची ओळख करून देणार आहोत, ज्यांच्या मते बांधकाम संपलं म्हणून घर पुरं होत नाही. राहणारी माणसं ते हळूहळू पुरं करतात, आणि तेवढी मोकळीक घरातच ठेवलेली असावी लागते. त्यांचं नाव बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईत, काम अहमदाबादेत. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतलं नोबेल म्हणतात त्याला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

पुरस्कार मोठा आहेच. पण आम्हाला त्यांच्याविषयी बोलावंसं वाटलं ते दुसऱ्या कारणानं. या माणसानं इमारती बांधल्या, दोन-तीन पिढ्यांच्या मुलांना शिकवलं आणि काही वास्तू तर चक्क शिल्पासारख्या घडवल्या. या तिन्ही कामांत एकच विचार आहे, आणि तो आपल्या दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडतो. तो समजून घ्यायचा, एवढाच आजचा बेत.

माणसं वाढली, घर वाढलं

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ चा. कुटुंब गुजराती, एकत्र राहणारं, आणि दोन पिढ्यांचा धंदा फर्निचरचा. आई तान्हेपणीच गेली, त्यामुळं घरातल्या मोठ्यांच्या हाताखाली ते वाढले. आजोबांच्या त्या पुण्याच्या घराची आठवण ते पुढं नेहमी सांगायचे. कुटुंबात माणसं वाढली की घरही वाढायचं. कुठं खोली चढायची, कुठं जिना निघायचा. एकदाच बांधलं आणि कुलूप लावून मोकळे झाले, असं ते घर नव्हतं.

हे आपल्याला नवीन नाही. गावाकडच्या आपल्या घरांचंही असंच असतं. पुढं कट्टा, मग सोपा, आत माजघर, मागं परडं. थोरल्याचं लग्न ठरलं की सोप्याला आडभिंत पडते. धाकट्याला खोली हवी म्हणून परड्यात पत्रा उभा राहतो. आपण याला घर म्हणतो आणि विसरून जातो. दोशींनी ती गोष्ट मनात जपून ठेवली.

१९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्किटेक्चरमध्ये दाखल झाले. तिथून लंडनला गेले आणि १९५१ साली पॅरिसला, ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या कचेरीत. चंदीगड शहराची आखणी करणारे ते हेच. दोशींना फ्रेंच येत नव्हतं, आणि पहिले आठ महिने पगारही नव्हता. तरी ते तिथं टिकले. १९५४ मध्ये ते भारतात परतले ते अहमदाबादेत कॉर्बुझिएंच्या इमारतींवर देखरेख करायला. पुढं लुई कान हे अमेरिकेचे मोठे आर्किटेक्ट अहमदाबादची आयआयएम बांधायला आले, तेव्हा त्या कामातही दोशी सोबत होते.

म्हणजे शिकायला गुरू मिळाले ते जगातले थोर. पण दोशींनी परदेशातली घरं उचलून इथं ठेवली नाहीत. आपल्याकडं ऊन कडक, पाऊस धो धो. माणसं अंगणात बसणारी, रात्री गच्चीवर झोपणारी, दारात भाजी निवडणारी. त्यांना काचेची बंद पेटी काय कामाची? त्यांनी स्वतःची कचेरी काढली तिचं नाव ठेवलं 'वास्तुशिल्प'. वास्तू आणि शिल्प, दोन्ही एकाच शब्दात. स्वतःसाठी घर बांधलं त्याला पत्नीचं नाव दिलं, 'कमला हाऊस'.

दारं नसलेली शाळा

१९६२ साली दोशींनी अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. पहिली दहा वर्षं तेच तिचे संचालक होते. १९७२ मध्ये तिथं नगररचनेचं शिक्षणही सुरू झालं. आज ही संस्था 'सेप्ट' विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि देशभरातनं मुलं-मुली तिथं शिकायला जातात.

त्या शाळेची इमारतही दोशींनीच रचली. तिची एक गंमत आहे. विटांच्या जाड समांतर भिंती, त्यांच्यामध्ये मोठमोठ्या मोकळ्या खोल्या, आणि दारं जवळपास नाहीतच. खाली, जमिनीच्या पातळीला, सावलीची मोकळी जागा. तिथं कुणीही बसावं. पहिल्या वर्षाचा पोरगा जिन्यानं जाताना शेवटच्या वर्षाच्या मुलींचं काम बघत जातो. बघता बघता शिकतो. सर बोलताहेत आणि मुलं ओळीत बसून वह्या भरताहेत, एवढ्यावर शिक्षण संपत नाही, हे त्यांनी त्या विटांमधनंच सांगितलं.

उजेडाची सोयही नीट बघा. चित्र काढायच्या खोल्यांना उजेड उत्तरेकडून घेतला आहे. का? आपल्या भागात उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळं डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि कागदावर सावली नाचत नाही. दिवसभर सारखा, थंड उजेड मिळतो. घरी शिलाई मशीन मांडणाऱ्या आमच्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. मशीन शक्यतो उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवा. सुईत दोरा ओवताना फरक कळेल.

दोशींची शिकवायची पद्धत आपल्या घरातल्यासारखी होती. आई मुलीला भाकरी थापायला शिकवते तेव्हा माप सांगत बसत नाही. पीठ हातात देते, पहिली भाकरी फाटली तरी तव्यावर टाकते आणि म्हणते, 'कर अजून.' दोशी मुलांकडनं तयार उत्तर मागत नसत, तर उलटे प्रश्न विचारत. या जागेत कोण राहणार? सकाळी इथं काय चालणार? म्हाताऱ्या माणसानं कुठं टेकायचं? त्यांचे कितीतरी विद्यार्थी पुढं नावाजलेले आर्किटेक्ट आणि शिक्षक झाले.

याच आवारात १९८४ साली 'कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स' उभं राहिलं. तेही दोशींनीच रचलं आणि सुरुवातीला तेच त्याचे संचालक होते. चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे असे तरुण कलावंत तिथं एका छपराखाली काम करतात. आर्किटेक्ट होणाऱ्या मुलांनी माती मळणारे, दगड फोडणारे हात रोज बघावेत, हा त्याचा मोठा फायदा. आपल्याकडं इंजिनिअर वेगळा, कलाकार वेगळा, गवंडी तिसराच, आणि तिघांचा एकमेकांशी बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

जोतं आम्ही देतो, भिंती तुम्ही चढवा

आता घराच्या मूळ मुद्द्याकडं येऊ.

१९७३ साली अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी एक वसाहत बांधली. एका इमारतीत तीन आकारांची घरं. सर्वांत मोठं तळमजल्यावर, मधलं त्याच्यावर, आणि सर्वांत लहान सगळ्यात वर. इमारत वर जाताना पायऱ्यांसारखी आत आत सरकते, त्यामुळं वरच्या घरांना मोकळी गच्ची मिळते. लहान घरवाल्यानं पुढं त्या गच्चीवर खोली काढावी, अशी सोय आधीच ठेवलेली. आणि कमी पगाराचा नि जास्त पगाराचा माणूस एकाच जिन्यानं वर-खाली करतो. लहान घरवाल्यांची चाळ वेगळी काढून गावाबाहेर टाकलेली नाही.

पुढं त्या वसाहतीतल्या कुटुंबांनी खरंच घरं वाढवली. कुणी गच्ची बंद केली, कुणी खोली चढवली. दुसरा आर्किटेक्ट असता तर कपाळाला हात लावला असता, माझी इमारत बिघडवली म्हणून. दोशींना त्याचं कौतुक वाटायचं.

त्याहून मोठं काम इंदूरचं. वसाहतीचं नाव 'अरण्य'. १९८९ साली ती झाली. साडेसहा हजारांच्या आसपास घरं आणि ऐंशी हजारांहून जास्त माणसं राहतील अशी आखणी. गरीब कुटुंबांसाठी स्वस्त घरं द्यायची होती, आणि पैसा नेहमीसारखाच अपुरा. अशा वेळी सरकारी पद्धत काय असते? एकाच साच्यातल्या हजार खोल्या काढायच्या, सगळ्या तुटपुंज्या, नि किल्ल्या वाटून टाकायच्या.

दोशींच्या 'वास्तुशिल्प' प्रतिष्ठाननं आधी इंदूरच्या झोपडवस्त्यांत जाऊन पाहिलं. माणसं तिथं कशी जगतात? बायका कुठं बसून काम करतात? भाजीवाला कुठं थांबतो? झाडाखाली काय चालतं? त्यातनं त्यांना दिसलं की गरीब माणसाला भिंत बांधता येते. विटा जमतील तशा आणतो, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या मदतीनं चढवतो. त्याला एकट्याला जमत नाही ते दुसरंच. जागा कायदेशीर मिळवणं जमत नाही. पाणी जमत नाही. गटार तर अजिबात जमत नाही, कारण गटाराला उतार लागतो आणि तो उतार सगळ्या गल्लीला मिळून काढावा लागतो.

म्हणून त्यांनी पैसा तिथंच घातला. सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ३७७ चौरस फुटांचा प्लॉट. त्यावर पक्कं जोतं, संडास-न्हाणी, पाणी, वीज आणि फार तर एक खोली. शेजारच्या घरांचे संडास पाठीला पाठ लावून बांधले, म्हणजे एकाच पाइपात दोघांचं काम भागतं आणि खर्च वाचतो. साधारण वीस घरांमागं एक सेप्टिक टाकी. बाकीचं घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं आणि आपल्या सवडीनं वाढवायचं.

पण वाढवायचं तरी कसं, हे दिसायला हवं ना? त्यासाठी दोशींनी ऐंशी नमुन्याची घरं बांधून दाखवली. एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत. दारात कट्टा असा घ्या, जिना बाहेरून काढला तर वरची खोली भाड्यानं देता येते, सज्जा असा काढता येतो. साडी घ्यायला गेल्यावर दुकानदार घडी उलगडून दाखवतो ना, तसंच हे. त्यातली हीच घ्या, अशी सक्ती कुणावर नव्हती.

दहा-दहा घरांचे पुंजके केले आणि मागं अंगण ठेवलं. जरा बऱ्या उत्पन्नाच्या लोकांचे प्लॉट मोठ्या रस्त्याच्या कडेला ठेवले. ते विकून आलेला पैसा आतल्या गरिबांच्या घरांकडं वळवला. लहान मुलांना रस्ता न ओलांडता खेळता यावं म्हणून पायवाटा आणि मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या. दारातल्या कट्ट्यावर बसून बायका पोरांवर लक्षही ठेवतात आणि हातातलं कामही उरकतात. त्या कट्ट्याला नकाशात जागा देणारा आर्किटेक्ट विरळाच.

या कामाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. सगळंच ठरवल्यासारखं झालं, असं मात्र नाही. काही कुटुंबांनी पुढं जागा विकल्या, काही घरं एवढी उंच झाली की मूळ नमुना ओळखू येत नाही. गरिबांसाठीची जागा गरिबांकडंच राहावी, हे आर्किटेक्टच्या एकट्याच्या हातात नसतं. त्याला धोरण लागतं आणि कुटुंबाची कमाईही टिकावी लागते. तरी एक गोष्ट अरण्यनं दाखवून दिली. गरीब बाईला तयार खोलीपेक्षा खात्रीचं जोतं, संडास आणि पाणी मिळालं, तर पुढचं घर ती स्वतः उभं करते.

पातळ कवच, भक्कम छप्पर

तिसरं काम शिल्पाचं. ते समजायला आपल्या शाहूपुरीपासूनच सुरुवात करू.

शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. पण आज गणपतीच्या आधी शाहूपुरी म्हटलं की आठवते ती कुंभार गल्ली. मूर्ती आतून पोकळ असते, हे आपण पाहिलंय. मडकंही तसंच. भिंत बोटभर सुद्धा जाड नसते, तरी पाण्यानं भरलेली घागर डोक्यावरून नेता येते. तीच माती सपाट थापून तेवढ्याच जाडीची फरशी केली आणि तिच्यावर पाय दिला, तर काडकन मोडेल. मग मडकं का मोडत नाही? कारण ते गोल आहे. गोलाईवर भार पडला की तो एका जागी साचत नाही, चहूकडं वाटला जातो. अंड्याचंही तसंच. मुठीत धरून सगळीकडून सारखं दाबलं तर ते सहजी फुटत नाही.

दोशींनी हेच गणित छपराला लावलं. १९८० साली अहमदाबादेत त्यांनी आपल्या कचेरीसाठी 'संगाथ' ही वास्तू बांधली. गुजरातीत संगाथ म्हणजे सोबत. अर्धी इमारत जमिनीत, वर अर्धगोल कमानींची छपरं. छपराच्या आत मातीची पोकळ नळकांडी बसवलेली, म्हणजे आत अडकलेली हवा ऊन अडवते. वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं अस्तर, आपण ज्याला चायना मोझॅक म्हणतो ते. पांढरा रंग ऊन परत फेकतो, म्हणून आत गारवा. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतनं खाली पाटात खेळतं. फुटक्या कपबश्यांचाही उपयोग असतो, हे त्यांनी असं दाखवलं.

त्याच्याही पुढचं काम म्हणजे अहमदाबादची गुंफा, 'अमदावाद नी गुफा'. ती १९९४ च्या सुमारास झाली. मूळ पंढरपूरचे चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी हे दालन होतं. पण चित्रं टांगायला सरळ भिंतच नाही. जमिनीखाली उतरत जायचं, वर कासवाच्या पाठीसारखे घुमट, आत झाडांच्या बुंध्यांसारखे वाकडे-तिकडे खांब. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची आठवण व्हावी अशी जागा. हुसेननी थेट त्या भिंतींवरच रंगवलं आणि आत पत्र्याच्या माणसांच्या आकृती उभ्या केल्या.

हे छप्पर किती जाड असेल? सुमारे एक इंच. लोखंडी जाळी आणि वर सिमेंटचा थर, याला फेरोसिमेंट म्हणतात. आकाराचा हिशेब संगणकावर केला. बांधलं मात्र आदिवासी मजुरांनी, साध्या हातातल्या हत्यारांनी. त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशी इमारत कधी पाहिलीही नसेल. पण जाळीवर सिमेंट थापणं हे शेवटी सारवण्या-लिंपण्यासारखंच काम. हाताला वळण होतं, म्हणून काम जमलं. घुमटावर फुटक्या टाइल्स बसवल्या आणि हुसेननी वर एक काळा नाग रंगवला.

इमारत म्हणायची की शिल्प? दोन्ही. आणि तिथंही दोशींचा तोच विचार दिसतो. आर्किटेक्टनं आकार दिला, मजुरांच्या हातानं तो उतरला, चित्रकारानं त्यात रंग भरला. कुंभार गल्लीतून आपण मूर्ती घरी आणतो तेव्हा तरी काय होतं? मूर्तिकाराचं काम तिथं संपतं. मखर, आरास, नैवेद्य आपण करतो, तेव्हा घरचा गणपती होतो.

आपल्या घरासाठी

२०२२ साली ब्रिटनच्या आर्किटेक्ट संस्थेनं दोशींना आपलं रॉयल गोल्ड मेडल दिलं. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत ते गेले. वय पंचाण्णव. त्यानंतर त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. माणूस मोठा होता, हे मान्य. पण आपण त्यांच्याकडनं काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, घराचा नकाशा आपणही बघायचा. गवंडी कागद घेऊन आला की 'आम्हाला त्यातलं काय कळतंय' असं म्हणू नका. नकाशा कळायला इंग्रजी लागत नाही. जमिनीवर खडूनं किंवा रांगोळीनं खोली आखा, खऱ्या मापाची. त्यात उभ्या राहा. इथं ओटा, इथं सिंक, इथं फ्रीज. तिघी एकदम आत आल्या तर वळता येतं का बघा. विटा रचायच्या आधी रांगोळी पुसायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, पैसे कमी असतील तर ते आधी कुठं घालायचे हे ठरवा. अरण्यचा धडा इथं उपयोगी पडतो. जोतं, पाणी, संडास, गटाराचा उतार, या गोष्टी नंतर बदलायच्या तर फरशी उखडावी लागते. त्या आधी पक्क्या करा. टाइल्स, रंग, पीओपी नंतर होतं. जिना बाहेरून काढता आला तर काढा, उद्या वरची खोली मुलाला किंवा भाडेकरूला देता येते. वर मजला चढवायचा विचार असेल तर पाया आणि कॉलम इंजिनिअरकडनं तेवढ्या हिशेबानंच घ्या. एक इंचाचं छप्पर ऐकून कुणी घरच्या घरी प्रयोग करू नका. त्यामागं गणित असतं.

तिसरी गोष्ट आपल्या कोल्हापूरची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीच्या काही गल्ल्यांतही पाणी शिरलं होतं. ज्यांच्या भागात पाणी येतं त्यांनी विजेचे प्लग आणि बोर्ड उंचावर घ्यायला सांगा. कागदपत्रं, धान्य, अंथरूण वर टाकायला भक्कम माळा ठेवा. गच्चीवर जायची वाट घराच्या आतूनही असू द्या. या गोष्टी नकाशात आपण मागितल्या तरच येतात.

चौथी गोष्ट सरकारी घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे जवळपास २७० चौरस फुटांचं असावं लागतं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायची तरतूद आहे. कागदावर आपलं नाव येतंय, ही चांगली गोष्ट. तर मग मोरी कुठं आणि खिडकी कुठं, हेही आपल्याला विचारूनच व्हायला हवं. नाव आपलं आणि नकाशा दुसऱ्याचा, असं नको.

आणि शेवटची गोष्ट मुलींची. चित्रकला चांगली आणि गणितही जमतं अशी मुलगी घरात असेल तर तिला आर्किटेक्चरची वाट दाखवा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. नाटा ही प्रवेश परीक्षा असते, किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. शिक्षण पाच वर्षांचं. त्यानंतर १९७२ च्या कायद्यानुसार आर्किटेक्ट कौन्सिलकडं नोंदणी झाली की ती स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकते. खर्च आहे, मेहनत आहे, रात्रीची जागरणं आहेत. पण भांडी घासायच्या जागी उजेड हवा, हे जिला कुणी सांगावं लागत नाही, अशी आर्किटेक्ट आपल्याला हवीच आहे.

तुमच्या घरात तुम्ही मागून घेतलेली एखादी सोय असेल, बाहेरचा जिना असो, धुण्याची जागा असो किंवा दारातला कट्टा, तर आम्हाला जरूर कळवा. ज्यांची घरं अजून कागदावर आहेत, त्या बहिणींना तुमचा अनुभव पुढच्या भागात ऐकवू.